थेंबातली चमक

१

मार्तंडराव काळबांडे चारचौघांत उभे राहिले तर कुणाच्या लक्षातही राहायचे नाहीत, पण अंधारात त्यांच्याइतका तरबेज माणूस सबंध सीताबर्डीत नव्हता. एकोणीस वर्षं ते बर्डीवरच्या एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये होते. लाल दिव्याखाली, फोटो पक्का करायच्या हायपोच्या वासात, दुसऱ्यांची लग्नं आणि दुसऱ्यांची बारशी पाण्यातून बुचकळून काढायची, चिमट्याने दोरीवर टांगायची, की झाला दिवस. फोटो मोठे करायच्या एनलार्जरवर वाकून वाकून त्यांची मान डावीकडे जी कलली ती कललीच. त्यांच्या पत्नी प्रेमिलाबाई थट्टेत म्हणायच्या, "तुमची मान सरळ कराले आता सुतारच बोलवा लागते."

शहात्तर सालच्या हिवाळ्यात ह्या प्रेमिलाबाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे बाज सोडायची नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. घरात दोघंच, मूलबाळ नाही. शेजारच्या रंभाबाई दुपारी दोनपर्यंत येऊन बसायच्या, बाकीचा दिवस देवावर हवाला. मार्तंडराव वरून शांत दिसत होते, पण आतून पार घाबरून गेले होते. ही बाई गेली तर आपण भांडायचं कुणाशी, एवढा एकच विचार आला तरी त्यांना घास गिळवत नसे.

घर अमरावती रोडपासून आत, वाडीच्या अलीकडे, शेतं मोडून प्लॉट पाडलेल्या एका नव्या लेआउटमध्ये होतं. चुन्याची पांढरी भिंत, मध्ये गडद हिरवं दार, दाराशेजारी खिडकी, आणि खिडकीच्या आत प्रेमिलाबाईंची बाज. पुढे अंगणात शेवंतीचे वाफे, वाफ्यांच्या पलीकडे तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे तुरीचं शेत. खिडकी जरा उंचावर असल्यामुळे पडल्या पडल्या प्रेमिलाबाईंना आभाळ तेवढं दिसायचं.

"पंधरा दिवस झाले," एक दिवस त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "मी लावले ते फुलं, अन् मलेच दिसत नाही. तशीच मरून गेली त?"

"मरते कायले वं? मी दाखवतो ना तुले. रोज दाखवतो."

दुसऱ्या दिवसापासून मार्तंडरावांचं सुरू झालं. पहाटे साडेपाचला उठायचं, अंगणात पोतं अंथरायचं आणि घराकडे पाठ करून, शेताकडे तोंड करून पालथं पडायचं. कॅमेरा दोन विटांवर. लेन्स उलटी बसवलेली, त्यासाठी ओळखीच्या खरादवाल्याकडून लेथवर पितळेची रिंग करून आणलेली. लेन्स अशी उलटी बसवली की मुंगीसुद्धा म्हशीएवढी दिसते. समोर गवताचं पातं, पात्यावर दवाचा थेंब, आणि थेंबामागे टीचभर अंतरावर शेवंती. तुरीच्या शेतावरून ऊन आलं की त्या थेंबात सबंध शेवंती दिसायची, देठासकट, पाकळ्यांसकट, मोहरीएवढी.

थेंबात मागचं सगळं उलटं दिसतं, देठ वर आणि फूल खाली. बायकोला उलटं फूल कसं दाखवायचं? म्हणून मार्तंडराव प्रिंट वाळलं की ते फिरवून उलटं धरायचे, त्याप्रमाणे मागे तारीख घालायचे आणि तसंच प्रेमिलाबाईंच्या हातात द्यायचे. आता पातं आभाळातून खाली आल्यासारखं दिसायचं, पण थेंबातली शेवंती सुलटी. प्रेमिलाबाई ते फोटो उशाखाली ठेवायच्या. रंभाबाईंना दाखवायच्या, दुधवाल्याला दाखवायच्या. नऊ दिवसांत त्यांच्या गालावर जरा रंग आला होता.

दहाव्या दिवशी संध्याकाळी त्या फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "फूल त मस्त आलं. पण हे काय लटकून राहिलं?"

२

थेंबाच्या कडेला, शेवंतीच्या बाजूला, एक काळी रेघ होती. तांदळाची कणी असते तेवढी. मार्तंडरावांनी भिंग लावलं. रेघेला खांदे होते.

खाली डोकं, वर पाय. दोन्ही हात अंगालगत. एखाद्याला कुणी खुंटीला पायांनी टांगून ठेवावं तसा तो माणूस थेंबात लोंबत होता. मार्तंडरावांनी भिंग पुसलं, पुन्हा लावलं. मग बायकोकडे बघून ते हसले, कारण दुसरं काय करणार?

"काडी असन एखादी. नाहीतर कोळी."

"कोळ्याले डोस्कं कुठं असते एवढं?"

"निगेटिव्हवर कचरा बसते कधी कधी. उद्या साफ करून काढतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी निगेटिव्ह साफ केलं. कचरा नव्हता. आणि त्या सकाळी काढलेल्या चारही फोटोंमध्ये, वेगवेगळ्या फुलांच्या, वेगवेगळ्या थेंबांमध्ये, तो लटकलेला होताच.

मार्तंडराव हिशेबी डोक्याचे होते. डार्करूममध्ये जो माणूस घाबरतो तो टिकत नाही. त्यांनी शांतपणे विचार केला. थेंबात फुलाच्या मागचं उमटतं. फुलाच्या मागे कुंपण, कुंपणामागे तुरी. म्हणजे हे जे काही आहे ते तुरीत आहे. एवढ्यापर्यंत सगळं ठीक होतं. पण मागचं सगळं थेंबात उलटं पडतं, आणि फोटो फिरवला की सुलटं होतं. शेवंती सुलटी झाली. मग हा उलटाच कसा राहिला? फोटोत उलटा, तर शेतातही उलटाच असला पाहिजे. म्हणजे तुरीच्या शेतात कुणीतरी डोक्यावर उभा आहे, पाय आभाळात करून, रोज सकाळी.

ह्या हिशेबाचं उत्तर आलं तेव्हा ते काम अर्धवट टाकून डार्करूममधून बाहेर उजेडात येऊन उभे राहिले. असं एकोणीस वर्षांत झालं नव्हतं.

रविवारी उन्हं वर आल्यावर ते कुंपण ओलांडून शेतात गेले. तुरी कमरेच्या वर आल्या होत्या, शेंगा भरत आलेल्या. मध्ये ना बुजगावणं, ना खांब, ना झाड. पार टोकाला दोन बाभळी, आणि बाभळींच्या मधून आभाळाचा एक पांढरा तुकडा दिसत होता. थेंबांमध्येही कडेला नेहमी एक पांढरी चमक असायची. ती हीच, असं मार्तंडरावांनी मनाशी ठरवून टाकलं. त्यांनी जमीन पाहिली. कुणाच्या पायाचे ठसे नव्हते. मग आपण तळहातांचे ठसे शोधतो आहोत असं त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते घाईघाईने परत फिरले.

आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी प्रेमिलाबाईंना सांगितली नाही. फोटो काढताना श्वास रोखावा लागतो. नुसत्या श्वासानेही पातं हलतं, थेंब गळतो आणि सकाळ वाया जाते. तर त्या दहाव्या सकाळी त्यांनी श्वास रोखला होता, बोट बटणावर होतं, आणि त्यांना श्वास ऐकू येतच होता. आत, बाहेर. आत, बाहेर. सावकाश. थेंब गळेल म्हणून त्यांनी मान वळवली नाही. बटण दाबलं, मग वळून पाहिलं. अंगण रिकामं होतं. रंभाबाईंची गाय कुंपणाला लागून रवंथ करत असेल, असं म्हणून ते उठले होते. गाय त्या दिवशी चरायला गेलेली होती, हे त्यांना दुपारी आठवलं.

३

फोटो काढणं बंद करावं असं त्यांच्या मनात फार आलं. पण संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की आतून आवाज यायचा, "आणला काय?" त्या दोन शब्दांपुढे त्यांचा नाइलाज होता. बाई फुलांवर जगत होती. तिला काय सांगणार?

तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. प्रिंट काढताना थेंबाची ती कडच कापायची आणि फूल तेवढं द्यायचं. पूर्ण फोटो मात्र ते स्वतःसाठी काढत, आणि निगेटिव्हांसकट स्टुडिओतल्या खणात, जुन्या पाकिटात, तारखेवार लावून ठेवत. पाहायचं नाही असं रोज ठरवायचे आणि रोज पाहायचे.

तो लहान होत होता.

दिसला त्या पहिल्या दिवशी तांदळाच्या कणीएवढा. चौथ्या दिवशी खसखशीएवढा. तो त्या पांढऱ्या चमकेकडे सरकत होता. लांब चालला होता. ज्या दिवशी मार्तंडरावांची ह्याबद्दल खात्री पटली, त्या दिवशी त्यांनी डार्करूमचं दार आतून लावून घेतलं आणि चक्क हात जोडले. जा बाबा. जसा आलास तसा जा, बाभळींच्या पलीकडे जा, सावनेरला जा, कुठेही जा. आमच्या घराचं नाव घेऊ नको.

श्वासाचा आवाजही आता येत नव्हता. एकदा मात्र श्वास रोखून बसले असताना अंगणातल्या मुरमावर काहीतरी चुरचुरलं. एक पाऊल, मग बराच वेळ काही नाही, मग आणखी एक पाऊल.  पण आवाज जवळ येत नव्हता, दूर जात होता. तेवढ्यावर त्यांनी समाधान मानलं. मुरूम कुंपणापलीकडे नाही, आपल्या अंगणात टाकलेला आहे, हे समजायला त्यांना कुणाला विचारायची गरज नव्हती. पण भ्यालेला माणूस स्वतःला विचारतो कुठे?

आठव्या दिवशी तो चमकेच्या अगदी काठाशी होता. नवव्या दिवशी चमकेच्या आत, मधोमध, एक ठिपका. दहाव्या दिवशी थेंब स्वच्छ.

मार्तंडरावांनी चार वेळा भिंग फिरवलं. शेवंती होती, चमक होती, बाकी काही नाही. अकराव्या दिवशीही नाही. बाराव्या दिवशीही नाही. लहान पोराची शाळा सुटावी तसे ते सायकल हाणत घरी आले, आणि खूप दिवसांनी कड न कापता सबंध फोटो बायकोच्या हातात दिला.

प्रेमिलाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा कसा टवटवीत. त्यांनी फोटो पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"तुम्ही आजकाल लय करून राहिले माझं," त्या म्हणाल्या. "एवढं कोणी करते काय बायकोसाठी?"

"त्यात काय वं."

"नाही, खरंच. पण बाहेर कोणाले सांगू नोका बरं. लोक हसतील तुमाले."

फोटोचंच बोलते आहे, असं मार्तंडरावांना वाटलं. बायकोसाठी पोत्यावर पालथा पडून फुलांचे फोटो काढणारा नवरा, लोक हसणारच. ते लाजले. आपल्याला संसारात काही मिळालं नाही असं त्यांना कधी कधी वाटायचं, ते त्या संध्याकाळी अजिबात वाटलं नाही.

४

प्रेमिलाबाईंना बाजेवरून उतरायची परवानगी मिळेल त्या दिवशी एक मोठा फोटो फ्रेम करून द्यायचा, असा बेत मार्तंडरावांनी केला होता. मोठा फोटो म्हणजे निगेटिव्हचं टचिंग आलं, आणि टचिंग म्हणजे नत्थूजी.

नत्थूजी स्टुडिओतले सगळ्यांत जुने. खिडकीशी त्यांचं उतरतं मेज, मेजाला काच, काचेखाली आरसा. सुईसारखी टोकदार पेन्सिल घेऊन ते दिवसभर निगेटिव्हवरच्या नवरदेवांच्या देवीच्या खुणा बुजवायचे आणि नवरीचे गाल भरायचे. चाळीस वर्षांत त्यांनी प्रिंट म्हणून पाहिलं नसेल. "प्रिंट खोटं बोलते," ते म्हणायचे. काळ्याचं पांढरं झालेले चेहरे वाचायची त्यांच्या डोळ्यांना इतकी सवय होती, की रस्त्यात खरा माणूस भेटला की त्यांना ओळख पटायला वेळ लागायचा.

मार्तंडरावांनी घाईत सगळं पाकीटच त्यांच्यापुढे ठेवलं. त्यात तारखेवार सगळी निगेटिव्हं होती.

दुपारचे अडीच वाजले असतील. नत्थूजींनी भिंग डोळ्याला लावलं, निगेटिव्हं एकेक करून काचेवर सरकवली, आणि हसले.

"डबल रोल केला काय गा मार्तंडा?"

स्टुडिओत ही एक हौसेची गोष्ट होती. एकाच गिऱ्हाइकाला आधी एका खुर्चीत बसवायचं, मग दुसऱ्या, आणि एकाच फोटोत त्याचे दोन करून द्यायचे. गिऱ्हाइकं खूश व्हायची.

"कायचा डबल रोल, नत्थूजी?"

"हे काय मंग? एक तू कॅमेऱ्यावर पालथा. अन् एक तू मांगं उभा."

मार्तंडरावांना बसायला स्टूल सापडेना. "ते मांगचं आहे," ते म्हणाले. "तुरीच्या शेतातलं. फुलाच्या मांगचं. उलटं लटकलेलं आहे ते."

"उलटं कुठी? सरळ त उभा आहे. पाह्य." नत्थूजींनी निगेटिव्ह त्यांच्यापुढे सरकवलं. ते कॅमेऱ्याने पाहिलं तसंच होतं, कुणी फिरवलेलं नव्हतं. शेवंती उलटी होती. माणूस सरळ उभा होता.

"थेंब म्हंजे भिंग बी आहे अन् आरसा बी आहे गा. फुलाकडचं जे राहते, ते त्याच्या पोटातून येते, उलटं. अन् कॅमेऱ्याकडचं जे राहते, ते त्याच्या पाठीवर पडते, सरळ. स्टीलच्या लोट्यात तोंड पाह्यलं त सरळच दिसते ना? तसं. उलटं असन ते पलीकडचं. सरळ असन ते तुह्या बाजूचं."

"ही चमक…" मार्तंडरावांनी काचेवर बोट ठेवलं. "ही चमक बाभळीच्या मधातली आहे. आभाळाची."

"कायचं आभाळ? हे घर होय. पांढरी भित. हे दार, ही खिडकी." पेन्सिलीचं टोक काचेवर टकटक वाजलं. "अन् हा मधातला ढिगारा म्हंजे तू, कॅमेऱ्यावर. अन् हा दुसरा. मान पाह्य ना, तुहीच आहे, डाव्या अंगाले गेलेली. म्हून म्हटलं डबल रोल. पण पोट्ट्या, हे करता कसं येते एका थेंबात? मले शिकव."

 मार्तंडराव तारखा पाहत होते. पहिल्या दिवशी तो त्यांच्या पाठीशी, इतका जवळ की हात लांबवला तर मान धरता आली असती. चौथ्या दिवशी अंगणाच्या मध्यावर. सहाव्या दिवशी ओट्याशी. सगळा वेळ तो लहान होत गेला, लांब जात गेला, आणि मार्तंडराव हात जोडून त्याला जा म्हणत राहिले.

आठव्या दिवशी तो ओट्यावर चढला होता. नवव्या दिवशी दारात उभा होता, मधोमध.

दहाव्या दिवसाचं निगेटिव्ह नत्थूजींनी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. "यात नाही दिसत तो," ते सहज म्हणाले. "आत गेला असन."

५

बर्डीपासून घर सहा-सात मैल. मार्तंडरावांनी सायकल कशी चालवली हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. अमरावती रोडला गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग होती. एका ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून आईवरून शिवी दिली. ती त्यांना ऐकू आली, पण पोहोचली नाही. डोक्यात एकच चाललं होतं. तीन दिवस. तीन दिवस आणि तीन रात्री मी तिथेच जेवलो, तिथेच झोपलो. मला काही दिसलं कसं नाही? रंभाबाई दोनला जातात. आता सव्वातीन झाले. ती एकटी आहे. नाही, एकटी असती तर बरं झालं असतं.

आणि मध्येच दुसरा आवाज सांगत होता, मूर्खा, चाळीस वर्षं काचेत बघून म्हाताऱ्याचे डोळे गेले आहेत. थेंबातल्या ठिपक्यावरून कुणी असं पळत सुटतं का? घरी जाशील तर ती म्हणेल, इतक्या लवकर कसे आले? आणि चहा मागेल. मार्तंडरावांना तो चहा इतका हवा होता की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

वळणावर रंभाबाई दळणाचा डबा घेऊन येताना दिसल्या. मार्तंडरावांना पाहून त्या जागीच थांबल्या.

"अवं माय, तुम्ही इकडून कसे?"

"प्रेमिला कशी आहे? तुम्ही कधी निघाल्या?"

"मी त दीड वाजताच निघाली. तुम्ही घरी होते ना." रंभाबाईंनी त्यांच्याकडे वरखाली पाहिलं. "तिच्या पायथ्याशी बसले होते, पाय दाबून राहिले होते तिचे. मलेच लाजल्यावानी झालं. म्हटलं, आपण कायले थांबा मधात."

मार्तंडरावांनी सायकल तिथेच टाकली आणि पळाले.

फाटक उघडं होतं. वाफ्यात शेवंती होती, ओट्यावर ऊन होतं. दार नुसतं लोटलेलं. दाराला हात लावला तेव्हा त्यांना आतून बाजेचा आवाज ऐकू आला. दोरीची बाज वजन पडलं की करकरते. करकर, मग थांबायची, मग करकर. घाई नसलेल्या माणसाची एक लय असते, तशी.

त्यांनी दार ढकललं.

प्रेमिलाबाई उशीला टेकून डोळे मिटून पडल्या होत्या. चेहऱ्यावर असं समाधान मार्तंडरावांनी लग्नानंतरच्या वर्षातही पाहिलं नव्हतं. अंगावर रजई. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मार्तंडरावांनी एकेक कोपरा पाहिला, दाराची मागची बाजूही पाहिली. खरंच कुणी नव्हतं. त्यांच्या छातीतला दगड हलला.

मग त्यांनी रजईकडे पाहिलं.

पायथ्याशी, प्रेमिलाबाईंच्या पावलांवर, रजईला दोन खळगे पडलेले होते. ते खळगे खाली जात होते आणि वर येत होते. एक पोटरीपर्यंत सरकायचा, पुन्हा टाचेपर्यंत यायचा. त्यांच्या मागे बाजेची दोरी खोलगट झाली होती, तिथे जे बसलं होतं त्याच्या वजनाने.

"अजून थोडं," प्रेमिलाबाई डोळे न उघडता पुटपुटल्या. "तुमच्या हाताले काय गुण आहे हो."

मार्तंडरावांना ओरडायचं होतं, धावत जाऊन तिला उचलायचं होतं.  शेवटी त्यांनी उंबऱ्यावरूनच सगळा जीव गोळा करून हाक मारली.

"प्रेमिला!"

खळगे जागच्या जागी थांबले. प्रेमिलाबाईंनी डोळे उघडले. त्यांनी दाराकडे पाहिलं, मार्तंडरावांकडे, अगदी त्यांच्या तोंडाकडे. क्षणभर त्यांना काही कळेना. मग त्या दचकल्या, रजई छातीपर्यंत ओढली, आणि त्यांनी झटकन डोक्यावरून पदर घेतला, परका पुरुष घरात शिरला की घ्यावा तसा.

"प्रेमिला, मी आहो वं. मी."

त्यांनी ऐकलंच नाही. भेदरून त्या पायथ्याकडे सरकल्या, जिथे कुणी नव्हतं तिकडे हात लांब केला, आणि रजईवरच्या हवेत काहीतरी घट्ट धरलं, एखाद्याचं मनगट धरावं तसं.

"अहो," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "दारात कोण येऊन उभं आहे, पाहा बरं."

बाज करकरली. रजईवरचे दोन्ही खळगे हळूहळू भरून आले, आणि दोरी वर आली.